जगदाळे मॅडमचा मातीचा गड

जगदाळे मॅडमबद्दल लिहिण्याआधी एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर पुढे मी त्यांचं जे काही कौतुक करीन ते मलाच टोचत राहील. मॅडम सहसा कोणाच्या शब्दावर विसंबत नसत. हवामानखात्याचा अंदाज असो की विद्यापीठातल्या वरिष्ठांचं आश्वासन, 'पाय ठेवल्यावर कळेल' हे त्यांचं ठरलेलं उत्तर. अशा बाईंनी एकदा माझ्या एका शब्दावर भर सभेत ग्वाही दिली. तो शब्द खोटा होता. बोलताना मला ते माहीत होतं आणि नंतरची सव्वातीन वर्षं रोज माहीत होतं.

मॅडम मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या. सेंदाईच्या विद्यापीठात त्या मातीवर संशोधन करत. मी त्यांच्या शेजारच्या इमारतीत, धातूंच्या प्रयोगशाळेत होतो. मी आलो तेव्हा त्यांना तिथे इतकी वर्षं झाली होती की जपानी बोलताना त्यांच्या बोलण्यात आसपासच्या खेड्यांतला हेल येई आणि मराठी बोलताना माणदेशातला. मधली, शहरी, सभ्य अशी भाषा त्यांच्याकडे नव्हतीच.

बुटक्या, रुंद बांध्याच्या, केस बारीक कापलेल्या. बारा महिने एकच हिरवट रेनकोट आणि पायात शेतकरी घालतात तसे गमबूट. हातात छत्री, पण ती पावसासाठी नव्हे. चालता चालता ती जमिनीत खुपसून बघायची त्यांना खोड होती. डिपार्टमेंटच्या पार्टीला गेल्या तरी बाहेरच्या हिरवळीत दोनदा छत्री खुपसून मग आत. आणि पाठीवरच्या पिशवीला एक पितळी घंटा. तिकडच्या डोंगरांत अस्वलं असतात, म्हणून लोक पिशवीला किणकिणणाऱ्या छोट्या घंटा बांधतात. मॅडमनी गावाहून बैलाच्या गळ्यातली आणली होती.

"मॅडम, या आवाजाने अस्वल पळेल की गोठा समजून जवळ येईल?" एकदा कोणीतरी विचारलं.

"आलं तर दावणीला बांधू," त्या म्हणाल्या, "आणि प्रोजेक्टच्या अहवालात दाखवू. तेवढंच काहीतरी काम झालं म्हणतील."

महिन्यातल्या एका रविवारी त्या आम्हा मराठी लोकांना पडके किल्ले बघायला घेऊन जात. ही सवय त्यांना इंग्लंडमध्ये लागली होती. तरुणपणी दोन वर्षं त्या उत्तर इंग्लंडच्या एका गावात, तिथल्या दलदलीच्या मातीचे नमुने काढत एकट्या राहिल्या होत्या. रविवारी सगळं बंद. बोलायला माणूस नाही. मग बस पकडायची, मेंढ्यांच्या कुरणात उभा असलेला एखादा मोडका बुरूज गाठायचा आणि त्याच्या आडोशाला बसून डबा खायचा. "तिथला पडका किल्लासुद्धा इस्त्री केलेला असतो," त्या सांगत. "गवत कापलेलं, पाटी लावलेली, खाली चहाचं दुकान. मी म्हणायचे, बाबा रे, तुझं बरं चाललंय. माझं कोण कापतंय गवत?"

जपानमध्ये आल्यावर त्यांनी ज्यांना पाटी नाही असे किल्ले शोधायला सुरुवात केली.

त्यातला त्यांचा सगळ्यांत आवडता गड सेंदाईच्या उत्तरेला, गाडीने तासाभरावरच्या एका खेड्यामागे होता. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मी पुण्याचा मुरलेला ट्रेकर होतो, निदान स्वतःच्या मते. कॉलेजपासून सह्याद्रीतले शंभरेक गड पालथे घातल्याचं वाटेत दोनदा सांगून झालं होतं. वर पोचलो. देवदाराची झाडं, पाचोळा, मधेच उंचवटे, मधेच खड्डे. एक दगड म्हणून नाही.

"मॅडम, गड कुठंय?"

"तू काय हवेत उभा आहेस का?"

"नाही, म्हणजे तट, बुरूज, दरवाजा..."

त्यांनी मला दंडाला धरून एका खोल चरात उतरवलं. तळाशी उभा राहिलो तर दोन्हीकडची माती माझ्या डोक्याच्या वर दीड पुरुष. त्या वरच्या काठावर जाऊन उभ्या राहिल्या आणि खाली बघत म्हणाल्या, "मी वरून धोंडा टाकतेय. पळ."

मी हसलो.

"हसू नको. पळून दाखव."

मी पळालो. पाचोळ्यावरून घसरलो, उठलो, चढायचा प्रयत्न केला, पुन्हा तळाशी आलो. घामाघूम झालो तरी त्या नुसत्या बघत राहिल्या. माझ्या छातीत खरंच धडधडायला लागलं होतं. मग त्यांनी हात दिला. "हा गड. माणसांनी हातांनी डोंगर कोरून केलेला. इथे बघायला काही नाही, इथे सापडायचं असतं."

त्या दिवसापासून मी त्यांचा झालो. पण त्यांना घाबरूनही असायचो, सगळेच असायचे. त्यांच्या सहलीला येणं म्हणजे परेडला येणं. मॅडम पुढे, शेवटच्या माणसाने घंटेच्या आवाजाच्या टप्प्यात राहायचं, धुकं आलं तर जिथे असू तिथे थांबायचं, आणि उभ्या खंदकांच्या तोंडाशी जायचं नाही. हे उभे खंदक म्हणजे उतारावर वरून सरळ खाली खणलेले चर. शत्रूला डोंगराच्या अंगावर आडवं पसरता येऊ नये म्हणून ते केलेले. वरून बघितलं तर अगदी आपल्याकडच्या नाळेसारखे दिसतात, म्हणजे सह्याद्रीत डोंगर उतरायला आपण वापरतो ती घळ. पण आपली नाळ पाण्याने केलेली असते आणि ती कुठेतरी पोचवते. तो चर माणसाने केलेला होता आणि कुठेही पोचवत नव्हता. खाली कडा तासलेला होता. मॅडमनी हे मला एकट्याला, छत्रीने मातीत रेघ ओढून समजावलं होतं. मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

एकदा लाँग वीकेंडला राजधानीतल्या तोयोसुहून अमित नावाचा एक इंजिनियर आमच्याबरोबर आला होता. त्याने माथ्यावर पोचल्या पोचल्या छाती फुगवली आणि महाराजांच्या नावाने खणखणीत गारद द्यायला सुरुवात केली. आम्हीही उत्साहात उरलेला 'जय' ओरडलो. मॅडम शांतपणे पाणी प्यायल्या.

"झालं?"

"हो मॅडम! अंगावर काटा आला!"

"छान. हा गड कोणाचा?"

अमित इकडेतिकडे पाटी शोधायला लागला.

"ज्याच्या ओसरीवर उभं राहून ओरडलास त्याचं नाव काय?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही माहीत नव्हतं. "खाली गावात त्याचे वंशज भात लावतात. त्यांना वाटलं असेल कोणी दरीत पडलं. आता खाली जाऊन सांगून ये, कोणी पडलं नाही म्हणून."

"मॅडम, मला जपानी येत नाही."

"ओरडता येतं ना?"

तो खरंच गेला. कान्नो-सान नावाच्या म्हाताऱ्याच्या दारात वाकून, हातवारे करून परत आला, येताना हातात दोन मुळे. "त्यांनी दिले," म्हणाला. मॅडम एकदम खुदकन हसल्या, तसं त्यांना हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं.

हे कान्नो-सान त्या गडाचे राखणदार म्हणावेत असे. पगारी नव्हते. गावकऱ्यांचं एक जतन मंडळ होतं, वसंतात आणि शरदात गवत कापायचं, पडलेली झाडं ओढायची. पंच्याहत्तरी उलटलेले, वाळक्या शेंगेसारखे दिसणारे कान्नो-सान त्याचे आधारस्तंभ. कोणी बाहेरचे येणार असतील तर आदल्या दिवशी आपल्या छोट्या ट्रकमधून वर जाऊन ते उभ्या खंदकांच्या तोंडांवर काळी-पिवळी दोरी लावत. दोरीचं एक टोक झाडाला बांधलेलं, दुसऱ्या टोकाचा फास लोखंडी खुंटीवर. मॅडम गवत कापायला पहिल्यांदा गेल्या तेव्हा त्यांना चहा मिळाला, विळा मिळाला नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःचा विळा नेला. कान्नो-साननी तो हातात घेतला, धारेवर अंगठा फिरवला आणि न बोलता परसात जाऊन घासून आणून दिला. तिथून त्यांची दोस्ती. दोस्ती म्हणजे भांडण. पाणी कुठून वळवायचं, कुठलं झाड ठेवायचं, यावरून दोघं शेतबांधावरच्या भावकीसारखे भांडत, तरी ते मॅडमना 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी, असंच म्हणत. तो गड बाहेरच्या गटांना खुला नव्हता. मॅडमनी मंडळाच्या सभेत उभं राहून 'माझ्या माणसांची जबाबदारी माझी' असं म्हटलं आणि कान्नो-सान 'यांची जबाबदारी माझी' म्हणाले, म्हणून आम्हाला वर पाऊल ठेवता आलं.

त्या नोव्हेंबरात आम्ही पाचजण होतो. मॅडम, मी, अमेय आणि ऋचा हे तरुण संशोधक जोडपं आणि भारतातून आलेले अमेयचे वडील. वडिलांचे गुडघे दुखत होते. परतताना मॅडम त्यांच्याबरोबर मागे राहिल्या. "नितीन, या दोघांना घेऊन पुढे हो. डोंगराच्या धारेवरूनच. घंटा ऐकू येईनाशी झाली की थांब."

आम्ही पुढे निघालो. पावसाची भुरभुर सुरू झाली आणि मग दरीतून धुकं चढलं. काही वेळाने घंटा ऐकू येईनाशी झाली. थांबायला हवं होतं. ऋचा कुडकुडत होती, अमेय म्हणत होता, "नितीनदादा, गाडीपर्यंत पोचू या ना, तिला सर्दी आहे." आणि मला माझे शंभर गड आठवले. डाव्या हाताला धुक्यात खाली जाणारी ती घळ दिसली. रुंद, पाचोळ्याने भरलेली, ओळखीची. तिच्या तोंडावर दोरी होती. काळी-पिवळी, ताणलेली, ओली. मी खुंटीवरून फास काढला. दोघं मागे धुक्यात होते, त्यांना ती दिसलीही नसेल. ते गेल्यावर परत लावीन असं मनात होतं. टोक हातातून सुटून पाचोळ्यात पडलं.

"या, इकडून नाळ आहे!" मी ओरडलो. "पाच मिनिटांत खाली!"

पाचोळ्याखाली ओली चिकणमाती होती. मी स्वतः दोनदा बसलो. मग ऋचा माझ्या बाजूने घसरत गेली. किंकाळी नाही, नुसता पाचोळ्याचा लांबत जाणारा आवाज. आणि मग तो थांबला. अमेय तिचं नाव घेत होता आणि उत्तर येत नव्हतं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग खालून आवाज आला, "मी आहे. पाय हलत नाहीये." तासलेल्या कड्याच्या काठावर एका झाडाच्या बुंध्याला ती अडकली होती. बुंधा नसता तर काय झालं असतं, हे मी अजून पूर्ण विचार करून पाहिलेलं नाही.

गावच्या अग्निशामक दलाचे स्वयंसेवक आले, त्यांत बहुतेक सगळे मंडळाचेच लोक. त्यांनी तिला दोरांनी वर काढलं. पाय दोन ठिकाणी मोडला होता. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये अमेय भिंतीवर मूठ आपटत म्हणाला, "अशा ठिकाणी साधी एक दोरी लावायला नको का? काय माणसं आहेत!"

मॅडमनी मान वर केली. "दोरी नव्हती?"

अमेय माझ्याकडे बघत होता. त्याचे वडील बघत होते. मॅडमही.

"नव्हती," मी म्हणालो.

माझ्या मागे कोणी लागलं नव्हतं, नोकरी जाणार नव्हती. अमेयच्या त्या नजरेत मी अजून त्याचा नितीनदादा होतो आणि मला तेवढंच टिकवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन. "कोट घाल. माफी मागायला जायचंय." तिकडे अपघात झाला की चूक कोणाची हे नंतर बघतात, जबाबदार माणूस आधी मिठाईचे खोके घेऊन दारोदार जातो आणि वाकतो. मॅडम प्रत्येक दारात कमरेतून वाकत होत्या. साठीची बाई, पाठीचं दुखणं असलेली. मी शेजारी वाकत होतो आणि मनात म्हणत होतो, हे मी माझ्यासाठीच वाकतोय, हीच माझी माफी. प्रत्येक दारानंतर मला थोडं हलकं वाटत होतं, हे लिहिताना लाज वाटते.

शेवटचं दार कान्नो-सानचं. ते खोका न घेता म्हणाले, "मी बांधली होती."

मॅडम माझ्याकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "नितीन, शेवटचं विचारते. यांच्या दारात उभी राहून विचारते. दोरी होती?"

म्हातारा एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. त्याला शब्द कळत नव्हते, पण प्रश्न कळला होता. 'होती' म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढाच 'नव्हती' म्हणायला लागला.

आठवडाभराने गावच्या सभागृहात मंडळाची बैठक झाली. चटयांवर पंधरा-वीस म्हातारे. दोरी पाचोळ्यात पडलेली सापडली होती. बांधली की नुसती टाकून आले, एवढाच प्रश्न होता. कान्नो-सान पुन्हा म्हणाले, बांधली होती. मग मॅडम उठल्या. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. त्या म्हणाल्या, "माझा माणूस सांगतो, नव्हती. तो खोटं बोलणाऱ्यांतला नाही."

कान्नो-साननी आपले तळहात उलटे करून पाहिले. "असं असेल तर," ते म्हणाले, "मी विसरलो असेन."

त्यानंतर गड बंद झाला. दोऱ्यांचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. मुलाने ट्रकची किल्ली नेली. वय झालं, डोकं साथ देत नाही, असं गावात सगळे मायेने बोलू लागले. अशा ठिकाणी नेलं म्हणून अमेयने मॅडमशी बोलणं सोडलं, मराठी मंडळींच्या सहली संपल्या. ऋचा काठी घेऊन चालू लागली, मग काठीशिवाय. मी तोयोसुमध्ये एका कंपनीत नोकरी धरली. घरी मंजिरीला, माझ्या बायकोला, पगाराचं कारण सांगितलं. तिथून जवळच निशी-कसाईला घर घेतलं, मराठी शेजारी मिळाले, कोणी ट्रेकचा विषय काढला की मी गुडघ्याचं दुखणं सांगायचो.

परवाच्या मार्चमध्ये मॅडमचा फोन आला. निवृत्त झाल्या होत्या, साताऱ्याला परत निघाल्या होत्या. "कान्नो-सानचा निरोप घ्यायचाय. माझी गाडी विकली. येशील चालवायला?"

सेंदाई स्टेशनवरून भाड्याची गाडी घेतली. मॅडम वाळल्या होत्या, पण बसल्या बसल्या आधी सीट मागेपुढे करून माझ्या ड्रायव्हिंगवर शेरे मारायला लागल्या. मग शहर संपलं, शेतं लागली, आणि त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या, "दर महिन्याला जाते मी. दर वेळी ते एकच विचारतात. सेन्सेई, मी बांधली होती ना? मला हातात फास आठवतो. मग म्हणतात, की तो दुसऱ्याच कुठल्या वर्षीचा?"

"मग तुम्ही काय सांगता?"

"काय सांगणार. तिथे नव्हते, म्हणते." मग सीटचा पट्टा ओढत, "आता बाकीचंही विचारायला लागलेत. दार लावलं का, गॅस बंद केला का. आधी डोकं चांगलं होतं रे. एका गोष्टीवरचा विश्वास गेला की माणूस सगळंच चाचपत बसतो."

मी गाडी रस्त्याकडेच्या कोंबिनीच्या, त्या चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानाच्या, आवारात वळवली आणि थांबवली. इंजिन चालूच राहिलं. "मॅडम, दोरी होती," मी म्हणालो. "मी काढली."

त्यांनी दार उघडलं आणि उतरून गेल्या. आवाराच्या टोकाला, शेताच्या बांधाशी, पाठ करून उभ्या राहिल्या. मला वाटलं परत येणारच नाहीत. आल्या तेव्हा दार न लावता बसल्या.

"मला शंका होती," त्या म्हणाल्या. "फास खुंटीवर असला तर दोरी आपोआप सुटत नाही. दोनदा विचारलं तुला. तू बोललास आणि मी तिथे थांबले. का थांबले सांगू? तू माझा होतास. आपल्याकडचा. त्या म्हाताऱ्याने माझी हमी घेतली होती आणि मी त्याला सोडून आपला माणूस धरला. तुझ्यापेक्षा माझं वाईट."

"मॅडम, मला माफ..."

"गप. माझी माफी मागणं सोपंय. मी मराठीत शिव्या देईन, तू रडशील, मग दोघं चहा पिऊ. गाडी काढ." त्यांनी दार ओढून घेतलं. "तिथे मी एक शब्द बोलणार नाही. भाषांतर करणार नाही. इतकी वर्षं इथे काढलीस, तेवढं जपानी येत असेल."

कान्नो-सानच्या घराशी पोचलो. मॅडम फाटकाशीच थांबल्या. मी एकटा आत गेलो. दाराशी चपला काढायच्या जागेच्या वरच्या पायरीवर ते बसले होते. पाठ आणखी वाकलेली, पण मला लगेच ओळखलं.

"नितीन-सान. सेन्सेई आत का येत नाहीत?"

"त्या... नंतर येतील."

"चहा टाकतो." ते उठून आत गेले. परत आले. बसता बसता थांबले, "गॅस बंद केला का मी?" आणि पुन्हा आत गेले. पातेलं उचलल्याचा, ठेवल्याचा आवाज आला. परत येऊन बसले आणि हात गुडघ्यांवर ठेवून पुन्हा स्वयंपाकघराच्या दिशेने बघायला लागले.

मी खालच्या फरशीवर गुडघे टेकले. गाडीत सगळी वाक्यं जुळवली होती, आदरार्थी, सभ्य, ऑफिसमध्ये शिकलेली. त्यातलं एकही तोंडातून बाहेर येईना. जे आलं ते शाळकरी पोराच्या जपानीत आलं, आणि हळू आलं.

"काय?" त्यांनी कानामागे हात धरला. "ऐकू येत नाही."

मला ते मोठ्याने सांगावं लागलं. शेजारच्या परसात कोणीतरी फावडं थांबवल्याचं मला कळलं. उघड्या दारातून फाटक दिसत होतं आणि फाटकापाशी मॅडम, पाठमोऱ्या, ताठ, रस्त्याकडे तोंड करून. मी ओरडलो तेव्हा त्यांचे खांदे हलले, पण त्या वळल्या नाहीत.

"कान्नो-सान, तुम्ही दोरी बांधली होती. ती नीट बांधलेली होती, मी पाहिली. मी ती काढली आणि सगळ्यांपुढे नव्हती म्हणालो. तुम्ही काहीही विसरला नव्हता. खोटं मी बोललो होतो. हे मी आजच तुमच्या मुलाला सांगणार आहे आणि मंडळाला सांगणार आहे. मला माफ करा."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "पुन्हा सांग," म्हणाले.

मी कपाळ पायरीला टेकवलं आणि पहिल्यापासून, एकेक शब्द सुटा करून, पुन्हा माफी मागितली.